भुऱ्या जेवण फेकून देतोय, काय करू?

पत्र थोडक्यात असं: "ताई, आमच्या रेस्क्यू सेंटरला एक गव्हाणी घुबड आहे, भुऱ्या. डावा पंख मोडून वाकडा जुळलाय, तो कधीच उडणार नाही, म्हणून रीतसर परवानगी घेऊन तीन वर्षं आमच्याकडेच आहे. गेले आठेक दिवस नीट जेवत नाहीये. उंदीर उचलतो, दोनदा चावल्यासारखं करतो आणि मान झटकून लांब फेकतो. फुगून बसलेला असतो. मला तोंडाला वास येतोय असं वाटतं, बाकीचे म्हणतात तुला भास होतोय. मागच्या महिन्यात उंदीर मिळत नव्हते तेव्हा आठ-दहा वेळा कबूतर दिलं होतं. एकाने कबुतरांची अँटिबायोटिक पावडर दिलीय, ती पाण्यातून देऊ का? आणि मुळात घुबड आजारी आहे हे ओळखायचं कसं, ते तर एरवीपण दिवसभर तसंच बसलेलं असतं."

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी तुला दोन ओळी पाठवल्या होत्या, पावडर देऊ नकोस, आत्ताच्या आत्ता वजन कर, खोक्यात ऊबेत ठेव आणि सकाळी पक्षी बघणाऱ्या डॉक्टरकडे ने. तू तसंच केलंस. परवा कळवलंस की वजन २५४ ग्रॅम भरलं, गेल्या वर्षीच्या तपासणीच्या कागदावर ते ३१० होतं, तोंडातल्या स्वॅबमध्ये ट्रायकोमोनास नावाचे जंतू सापडले, औषध सुरू झालंय, आणि आता सगळं सविस्तर लिही म्हणालास. तर लिहिते, आणि सगळ्यांसाठीच लिहिते, कारण असं पत्र मला दर थोड्या दिवसांनी येतं आणि बहुतेक वेळा ते आठ दिवस उशिरा आलेलं असतं.

आधी एक सांगते, तुला वास येत होता तो भास नव्हता. जो माणूस रोज हाताळतो त्याला जे खटकतं ना ते बहुतेक वेळा खरं असतं, नाव देता येत नाही एवढंच. पुढच्या वेळी कोणी भास म्हणालं तर ऐकून सोडून दे आणि वजनकाटा काढ.

तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. घुबड दिवसभर डोळे मिटून, न हलता बसतं, हाच त्याचा स्वभाव, मग आजारी कसं ओळखायचं? जंगलात जो पक्षी आजारी दिसतो त्याला कोणीतरी उचलून नेतं, त्यामुळे पक्षी आजार अंगावर काढतात, अगदी शेवटपर्यंत तब्येत ठीक असल्याचं दाखवतात, आणि ज्या दिवशी त्यांना ते दाखवणं जमत नाही त्या दिवशी आपल्या लक्षात येतं. म्हणजे तुला "आज जरा मलूल वाटतोय" असं दिसलं तेव्हा आजार बऱ्याचदा पहिल्या दिवसाचा नसतोच. त्यात घुबडाची पिसं इतकी भरघोस की आत हाडाचा सापळा झाला तरी बाहेरून गोल गरगरीतच दिसतं. भुऱ्यासारखं गव्हाणी घुबड केवढं मोठं वाटतं, पण जीव जेमतेम तीनशे ग्रॅमचा. त्यातले ५६ ग्रॅम गेले म्हणजे जवळपास १८ टक्के शरीर गेलं, आणि हे तुम्हा कोणालाच बघून कळलं नाही, यात तुमचा दोष नाही, बघून ते कळतच नाही.

म्हणून वजन. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घे, त्यावर त्याच्या सवयीची छोटी दांडी पक्की बसव, आणि रोज एकाच वेळी, जेवणाआधी, कालचा गोळा (न पचलेल्या केस-हाडांचा, तो तोंडातून टाकतो तो) पडून गेल्यावर वजन कर. आकडा भिंतीवरच्या कागदावर लिही, डोक्यात ठेवू नकोस. पाच-सात ग्रॅम वर-खाली होतच असतं, त्याने घाबरू नकोस, पण सलग तीन दिवस उतरतंय किंवा नेहमीच्या वजनाच्या दहा टक्क्यांनी कमी झालंय तर बाकी काहीही दिसत नसलं तरी डॉक्टरला फोन करायचा. जोडीला आठवड्यातून एकदा छातीच्या मधोमध उभं हाड असतं ते बोटाने चाचपून बघ. धडधाकट पक्ष्यात त्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागतं, खंगलेल्या पक्ष्यात ते बोटाला सुरीच्या धारेसारखं लागतं. एकदा हे दोन्ही प्रकार बोटाला लागले की परत कधी विसरायला होत नाही.

हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्याच वर्षी माझ्याकडे एक पिंगळा होता, एका डोळ्याने आंधळा. मी रोज संध्याकाळी दोन उंदीर ठेवायचे आणि सकाळी ताटली रिकामी असायची, मी खूश, म्हणजे जेवतोय की. त्याचे डोळे बघायचे, पिसं बघायचे, सगळं नेहमीसारखं वाटायचं. एका सकाळी तो खाली पडलेला सापडला, हातात घेतला तर कागदासारखा हलका. नंतर पिंजरा धुवायला घरटं हलवलं तर मागे फटीत सात उंदीर, वाळलेले, एकाला धड चोचही लावली नव्हती. घुबडं खाणं लपवून ठेवतात हे मला माहीत होतं, पण आजारी घुबडसुद्धा सवयीने उचलून नेऊन लपवेल हे डोक्यातच आलं नव्हतं. आज इतकी वर्षं झाली तरी त्या फटीतला वास मला आठवतो. ताटली रिकामी म्हणजे जेवला असं धरू नकोस, रोज सकाळी कानाकोपरे तपास, आणि काय खाल्लं, काय सापडलं ते वजनाशेजारीच लिही.

आता गोळ्याबद्दल. घुबड उंदीर गिळतं, मांस पचतं, आणि केस-हाडं यांचा गोळा करून तोंडातून बाहेर टाकतं, पेलेट म्हणतात तो. गव्हाणी घुबडात जेवल्यावर साधारण सहा तासांनंतर कधीतरी, मोठ्या घुबडांत दहा-बारा तास किंवा त्याहून जास्त लागतात. चांगला गोळा घट्ट असतो, गडद करडा, जवळजवळ बिनवासाचा, फोडला की आत स्वच्छ हाडं. गोळा लिबलिबीत आहे, घाण वास मारतोय, आत न पचलेलं मांस आहे, रक्ताची रेघ आहे किंवा केस-हाडांसकट जेवण देऊनही गोळा पडलाच नाही, तर पोटात काहीतरी बिघडलंय. भुऱ्याचा दोन दिवस गोळा नव्हता असं तू नंतर सांगितलंस, ते खरं तर पत्राच्या पहिल्या ओळीत हवं होतं! आणि गोळा पडला नसेल तर वरून दुसरं जेवण देऊ नये. घुबडाला ससाण्यासारखी गळ्यात अन्नाची पिशवी नसते, सगळं सरळ पोटात जातं, आणि तिथे आधीचं अडकलेलं असेल तर वरचं मांस सडायला लागतं.

विष्ठा रोज बघायची म्हणजे रोज बघायची, त्यासाठी रात्री दांडीखाली साधा पांढरा कागद घाल. त्यात तीन भाग दिसतात, खडूसारखं पांढरं, मध्ये काळपट भाग, आणि थोडं स्वच्छ पाणी. शिवाय घुबड अधूनमधून एक चिकट, तपकिरी, भयंकर वासाची विष्ठा टाकतं, नवीन माणसं ती बघून जुलाब लागले म्हणून घाबरून फोन करतात. ती आतड्याच्या अंधळ्या पिशव्यांमधली असते आणि अगदी नॉर्मल आहे, उलट अशी विष्ठा अधूनमधून दिसली तर पचन चालू आहे असं समज. काळजी कशाची करायची, तर पांढऱ्या भागाचा रंग हिरवा-पोपटी होणं, हे लिव्हरचं दुखणं असू शकतं, शिशाची विषबाधापण असू शकते. नुसती थोडीशी गडद हिरवी विष्ठा बऱ्याचदा उपाशी पोटाची असते. रक्त दिसलं तर वाट बघायचीच नाही.

श्वास लांबून बघ, तू जवळ गेलास की तो सावध होतो आणि सगळं लपवतो. दाराच्या फटीतून दोन मिनिटं बघ. प्रत्येक श्वासाला शेपूट वर-खाली होतेय का, चोच उघडी आहे का, घरघर किंवा टिकटिक ऐकू येते का, आवाज बदललाय का. उकाड्यात घुबड चोच उघडून गळा थरथरवतं ते वेगळं, गारव्यात तसं करत असेल तर वेगळं. आवाज बदलणं आणि थोड्या फडफडीत दम लागणं हे अ‍ॅस्परजिलोसिसचं लक्षण असू शकतं, बुरशीचा आजार, ओल धरलेलं गवत, पेंढा, लाकडाचा भुसा यातून उडणारी बुरशी फुफ्फुसात आणि हवेच्या पिशव्यांमध्ये घर करते. त्याची औषधं आहेत, इट्राकोनॅझोल, व्होरिकोनॅझोल वगैरे, पण महिनोन्महिने द्यावी लागतात आणि उशिरा पकडला तर हाताला फारसं काही लागत नाही. पिंजऱ्यात पेंढा नको, हवा खेळती हवी, ओल नको, यातच त्याचा निम्मा इलाज आहे.

पायांचं तर मला सगळ्यात वाईट वाटतं कारण ते पूर्णपणे आपल्या हातात असतं. न उडणारं घुबड चोवीस तास पायावर उभं असतं आणि आपण त्याला एकच गुळगुळीत गोल दांडी देतो. तळव्यावर बारीक खडबडीत उंचवटे असतात ते आधी झिजतात, कातडी गुलाबी-चकचकीत होते, मग खपली धरते, मग आत जंतू शिरून सूज येते, कधी हाडापर्यंत जाते. बंबलफूट म्हणतात त्याला. चकचकीत असतानाच पकडलं तर दांड्या बदलून, काहींवर कृत्रिम गवताची चटई गुंडाळून आणि वाढलेलं वजन खाली आणून बरं होतं, पण खपली आली की डॉक्टर, कधी ऑपरेशन. भुऱ्याला लंगडून झेप घ्यायची सवय आहे म्हणतोस तर त्याचे तळवे आजच बघ, एक पाय सारखा उचलून धरतो का तेही बघ.

बाकीचं पटकन. दोन बाहुल्या लहान-मोठ्या दिसणं, मान एका बाजूला कलणं, डोळा पाणावणं किंवा एकच डोळा मिटलेला, पंख लोंबणं, रात्री जागं असायच्या वेळी झोपणं, पूर्ण वाढलेलं घुबड जमिनीवर बसून राहणं, हे सगळं लगेच डॉक्टरला दाखवायचं. (पिल्लं मात्र पोटावर पालथी पडून झोपतात, एकदम मेल्यासारखी, ते नॉर्मल आहे, त्यांना उठवू नका.) पिसांवर आडवी फिकट रेघ दिसली तर ते पीस वाढत असताना उपासमार किंवा मोठा ताण झाला होता असं समज.

आता भुऱ्याचा आजार. ट्रायकोमोनास गॅलिनी हा एकपेशीय जंतू, कबुतरांच्या तोंडात आणि घशात राहतो, बऱ्याच कबुतरांना त्याचा काही त्रासही होत नाही, पण ते कबूतर खाणाऱ्या पक्ष्याच्या तोंडात, घशात पिवळट पांढरे थर चढतात, ओला खडू चोळल्यासारखे. ते थर गिळायला आडवे येतात, दुखतं, म्हणून तो उंदीर उचलत होता आणि झटकून फेकत होता. भूक होती, म्हणून तर उचलत होता ना! "जेवायची इच्छा नाही" आणि "जेवता येत नाही" हा फरक लक्षात ठेव, फेकणारा पक्षी दिसला की पहिल्यांदा तोंड बघायचं. पण नुसते थर बघून औषध सुरू करायचं नाही, कारण कॅन्डिडाची बुरशी, केसासारखे बारीक जंत, बॅक्टेरिया, व्हिटॅमिन ए ची कमतरता, सगळ्यांत तोंड साधारण तसंच दिसतं आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. म्हणून ताजा, कोमट असतानाच स्वॅब मायक्रोस्कोपखाली बघतात, जंतू वळवळताना दिसतात, वाळला की दिसत नाहीत. तुझ्या डॉक्टरांनी तिथल्या तिथे बघितला हे फार चांगलं केलं.

म्हणूनच ती पावडर नको म्हटलं. साधं अँटिबायोटिक बॅक्टेरियावर चालतं, ट्रायकोमोनासवर त्याचा काही उपयोग नाही, त्याला मेट्रोनिडॅझोल किंवा कार्निडॅझोल असली औषधं लागतात. दुसरं म्हणजे पाण्यातून. घुबडाला लागणारं बहुतेक पाणी भक्ष्यातूनच मिळतं, भांड्यातलं ते मुख्यतः अंघोळीला वापरतं, म्हणजे औषध पोटात किती गेलं याचा काही हिशोबच नाही. आणि बिनकामाच्या अँटिबायोटिकने पोटातले चांगले जंतू मरून बुरशीला रान मोकळं. आपल्या घरातल्या दुखण्याच्या गोळ्यांना तर हातही लावू नका. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचं मांस खाऊन गिधाडं किडनी बंद पडून मेली हे २००४ मध्ये सिद्ध झालं, माणसाला आणि गुराला चालणारं औषध पक्ष्याला विष ठरू शकतं हे त्याहून स्पष्ट कुठे दिसणार. डोस तीनशे ग्रॅमच्या जिवाचा असतो, तो डॉक्टरनेच काढायचा आणि आजच्या वजनावर काढायचा.

औषध द्यायची पद्धत सांगते. गोळी मांसाच्या अगदी छोट्या तुकड्यात लपव, एका घासात गिळेल एवढाच तुकडा, मोठा दिलास तर तो फाडेल आणि गोळी खाली पडेल. पोट रिकामं असताना पहिला घास औषधाचा, मग बाकीचं. गिळल्यावर दहा मिनिटं लांबून बघत बस, झटकून टाकली का. फेकत असेल तर डॉक्टरांकडून तोंडात द्यायची रीत समोर उभं राहून शिकून घे, एकट्याने करू नकोस. एकाने टॉवेलमध्ये धरायचं, पाय आधी पकडायचे कारण इजा नखांनी होते, चोचीने नाही, आणि छाती दाबायची नाही. पक्ष्याला आपल्यासारखा श्वासपडदा नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हलतं तेव्हाच हवा आत-बाहेर होते, घट्ट धरलं की तो आपल्या हातात गुदमरतो. तोंड उघडलं की जिभेच्या बुडाशी एक छोटी फट उघड-मीट होताना दिसेल, ती श्वासनलिका. म्हणून कधीही ड्रॉपरने घशात पाणी ओतायचं नाही, कितीही तहानलेला वाटला तरी, ते सरळ फुफ्फुसात जातं. मी बघितलंय, दोन मिनिटांत संपतं सगळं.

थर नखाने किंवा कापसाने खरवडू नकोस, खाली रक्त येतं, औषधाने ते आपसूक सैल होऊन पडतात. आणि दोन दिवसांत जेवायला लागला म्हणून औषध बंद करायचं नाही, सांगितलेले दिवस पूर्ण करायचे आणि मग परत स्वॅब.

जेवण. इतका खंगलेला पक्षी बघितला की आपला जीव तुटतो आणि आपण अख्खा उंदीर पुढे करतो, आणि नेमकं तिथेच घात होतो. वाळलेल्या, उपाशी शरीराला केस-हाडांचा गोळा करायची ताकद नसते, आणि एकदम भरपेट जेवणाने रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन पक्षी मरू शकतो. आधी पाणी, म्हणजे डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात ते, मग केस-हाडं काढलेल्या मांसाचे बारीक ओले तुकडे, थोडे थोडे, दिवसातून तीन-चारदा, आणि विष्ठा नीट यायला लागली, वजन चढायला लागलं की मगच हळूहळू हाडं-केसांसकट. पण नुसत्या मांसावर कायमचं ठेवायचं नाही, त्यात कॅल्शियम फारसं नसतं, पिल्लांची तर हाडं वाकतात. बरा झाला की अख्खं भक्ष्यच हवं. फ्रीझरमधलं असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळव, थंडगार देऊ नकोस, एकदा वितळलेलं परत गोठवू नकोस.

कबूतर कायमचं बंद. हा जंतू एक कारण झालं, दुसरं म्हणजे कबुतरांचा एक हर्पिस व्हायरस काही जातींच्या घुबडांना लिव्हर खराब करून मारतो आणि त्यावर इलाज नाही. आणि उंदीर मिळत नाहीत म्हणून कोणी घरात-गोदामात पकडलेले आणून दिले तर तेही नको, तू लिहिलं नाहीस पण ही वेळ येतेच म्हणून सांगते. उंदीर मारायच्या नव्या विषांनी, ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम वगैरेंनी, रक्त गोठणं थांबतं. विष खाल्लेला उंदीर काही दिवस जिवंत फिरतो, सुस्त असतो म्हणून सहज सापडतो, आणि ते विष तो खाणाऱ्या घुबडाच्या लिव्हरमध्ये महिनोन्महिने राहतं. तोंड आतून पांढरं फटक पडलंय, कातडीखाली निळे डाग आहेत, तुटलेल्या पिसातून रक्त थांबत नाहीये, असं दिसलं तर ते हेच असू शकतं. लवकर पकडलं तर व्हिटॅमिन के १ ने वाचतात, काही आठवडे द्यावं लागतं.

आजारी घुबडाचं खोकं कसं करायचं ते तुला लिहिलंच होतं, इतरांसाठी परत. हवेची भोकं असलेलं पुठ्ठ्याचं खोकं, तळाला टॉवेल, वरून अंधार, आवाज नाही, कोणी डोकवायचं नाही, फोटो तर अजिबात नाही. ऊब साधारण २८ ते ३० अंश, आणि ती खोक्याच्या अर्ध्या भागालाच, म्हणजे गरम झालं तर त्याला सरकता येतं. आत थर्मामीटर ठेव, अंदाजाने नको. डोक्याला मार लागलेला असेल तर मात्र बाहेरून ऊब द्यायची नाही. आजारी पक्ष्याची बरीचशी ताकद अंग गरम ठेवण्यात आणि आपल्याला घाबरण्यात जाते, ती वाचली तर औषधाला काम करायला जागा मिळते, त्यामुळे ही शांतता म्हणजे इलाजच आहे, डॉक्टरकडे पोचेपर्यंत तर सगळ्यात मोठा. जाताना ताजी विष्ठा, शेवटचा गोळा आणि वजनाचा कागद बरोबर ने.

भुऱ्याला बाकीच्या पक्ष्यांपासून वेगळं ठेव, त्याचं काम सगळ्यात शेवटी कर, भांडी रोज गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळव, हा जंतू कोरड्यात टिकत नाही. ग्लोव्ह्ज घाल, हात धू. ट्रायकोमोनासची ही जात माणसाला लागत नाही, पण शिकारी पक्ष्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा जुलाबाचा जंतू लागू शकतो. आणि यापुढे सेंटरला नवीन पक्षी आला की तीस दिवस वेगळा आणि विष्ठेची तपासणी, मग कितीही धडधाकट दिसो.

आणखी एक, अवघड आहे पण लिहिते. तू विचारलंयस की नाही वाचला तर माझी चूक का. कबूतर दिलं ती चूक झाली, माहिती नव्हती, आता माहिती आहे. पण आठव्या दिवशी तू लिहिलंस आणि नवव्या दिवशी तो डॉक्टरच्या टेबलावर होता, बरेच जण तेवढंही करत नाहीत. जर थर टाळूतून हाडापर्यंत गेले असतील आणि डॉक्टर म्हणाले की आता नुसते हाल आहेत, तर त्यांचं ऐक, शांतपणे जाऊ देणं हेही आपल्याच कामात येतं. मला अजून तसं वाटत नाहीये. तो फेकत का होईना, उंदीर उचलत होता.

आज रात्री पांढरा कागद घालायला विसरू नकोस, आणि उद्या सकाळचं वजन मला कळव, २५४ च्या वर एक ग्रॅम असला तरी.